काठीवरची शेवटची जागा

१

दर सप्टेंबरात श्टायर गावातलं लोइडल यांचं बूटदुरुस्तीचं दुकान बंद व्हायचं आणि दारावर एंगेलबर्टच्या अक्षरातली पाटी लागायची: ‘बुटांचा डॉक्टर स्वतःचे बूट झिजवायला गेला आहे.’ विनोद जुना होता, पाटीही जुनी होती, पण गिऱ्हाइकं दरवर्षी इमानेइतबारे हसायची. मग एंगेलबर्ट आणि त्याची बायको झेन्झी दोन लहान बॅगा घेऊन सावकाश निघायचे. घाई त्यांना मानवतच नसे. दिवसाला एक तळं किंवा एक किल्ला, मधे एखादी बोट, दुपारी प्लमचा केक, आणि संध्याकाळी पाण्याकाठच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या टाचा बघायच्या. कुणाची टाच आतून झिजलीय, कुणाची बाहेरून, यावरून माणूस कसा असेल ते ओळखायचं. हा खेळ दोघं जन्मभर खेळले. बहुतेक वेळा झेन्झीच जिंकायची.

एंगेलबर्टचा उजवा गुडघा लहानपणीच अधू झाला होता. त्यामुळे फिरायला निघाला की डाव्या हातात काठी असायची. तसाही तो डावखुराच होता. त्या काठीवर खालपासून वरपर्यंत पत्र्याचे छोटे बिल्ले ठोकलेले होते. तिकडे प्रत्येक किल्ल्यापाशी, प्रत्येक तळ्याकाठी टपरीवर असे बिल्ले मिळतात. वर त्या जागेचं चित्र, खाली नाव आणि दोन बारीक खिळे. फिरस्ते लोक ते काठीवर ठोकून घेतात आणि म्हातारपणी नातवंडांना दाखवतात. काही जण न जाता नुसतेच बिल्ले विकत घेऊन मिरवतात. एंगेलबर्टला अशा लोकांचा मनापासून राग होता. पाय लागल्याशिवाय बिल्ला नाही, हा त्याचा नियम होता. श्टायरचे बिल्ले तर तो स्वतःच दुकानात विकायला ठेवायचा, पण स्वतःच्या काठीवर त्याने त्यातला एकही कधी लावला नाही. ‘तो पाहुण्यांचा बिल्ला,’ म्हणायचा. ‘आपण इथे कुठे पाहुणे आहोत?’

गेल्या वर्षी रोटेनवार्ट राहून गेलं. तळ्यातल्या बेटावरचा तो किल्ला बघायला दोघं किनाऱ्यापर्यंत पोचले, पण वाऱ्यामुळे बोटी बंद होत्या. किनाऱ्यावर उभं राहून त्यांनी किल्ल्याच्या वरच्या खिडक्या तेवढ्या बघितल्या. ‘पुढच्या वर्षी,’ एंगेलबर्ट म्हणाला. त्याला न सांगता झेन्झीने टपरीवर बिल्ला घेऊन पर्समध्ये टाकला.

पुढचं वर्ष त्याच्या नशिबी नव्हतं. हिवाळ्यात त्याने अंथरूण धरलं. मार्चमध्ये डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा झेन्झीने काठी आणि दुकानातली लहान हातोडी दवाखान्यात नेली आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो बिल्ला तिच्यावर ठोकला.

‘हे घे, झालं तुझं रोटेनवार्ट.’

त्याने अंगठ्याने बिल्ला चाचपला. ‘झेन्झी, मी तिथे गेलेलो नाही.’

‘अरे, कोण बघायला बसलंय?’

त्याने बिल्ल्यावरून अंगठा काढला. मग छताकडे बघत म्हणाला, ‘म्हणजे आता जावं लागणार.’

त्याच आठवड्यात तो वारला. राखाडी लोकरी कोट आणि तिने स्वतः नवे तळ लावलेले डोंगरी बूट घालून त्याला पुरलं. काठी घरीच राहिली.

२

दुकान आणि वरचं घर एका तरुण घड्याळजीने घ्यायचं ठरवलं होतं. ऑक्टोबरात किल्ल्या द्यायच्या आणि झेन्झीने लिंझला, नणंदेच्या शेजारच्या घरात राहायला जायचं. सगळं ठरलेलं होतं. फक्त ती काठी दाराशेजारच्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये उभी होती, आणि तिच्यावर तो एक खोटा बिल्ला होता. मुठीखाली आणखी एकाच बिल्ल्यापुरती जागा होती.

‘खोटं ठेवून मी घर सोडणार नाही,’ झेन्झीने जाहीर केलं. ‘काठी रोटेनवार्टला नेईन. तो बिल्ला खरा झाला की मी मोकळी.’

हेर्मी, म्हणजे एंगेलबर्टची धाकटी बहीण, पोस्टातून निवृत्त झालेली. तिने लग्न केलं नव्हतं आणि त्याचं तिला अजिबात वाईट वाटत नव्हतं. ती म्हणाली, ‘वहिनी, काठी न्यायचीय तर पार्सल कर. मी स्वतः तिकीट लावते.’

‘वन्सं, तू पार्सलात मावली असतीस तर तुलाच पाठवलं असतं.’

‘बघ हं! माझ्या केकचे पैसे तुलाच द्यावे लागतील.’

अशा रीतीने दोघी निघाल्या. निघताना झेन्झीने दुकानातलं नवंकोरं रबरी बूच काठीच्या लोखंडी टोकाला बसवलं. हॉटेलांच्या आणि किल्ल्यांच्या जमिनीवर ओरखडे नकोत म्हणून एंगेलबर्टही तसंच करायचा. झेन्झीचे पाय ठणठणीत होते, काठीची तिला गरज नव्हती. ती काठी बगलेत धरून चालायची, छत्रीसारखी.

पहिला मुक्काम ग्मुंडेनला. तळ्यातला किल्ला, त्याच्याकडे जाणारा लाकडी पूल, पुलावर हंसांना पाव टाकणारी मंडळी, सगळं होतं तसंच होतं. संध्याकाळी तळलेला मासा खाल्ला. हेर्मीने दोन केक संपवले आणि दोन्हींना नावं ठेवली. खोलीत आल्यावर झेन्झीने काठी खिडकीजवळच्या कोपऱ्यात उभी केली आणि झोपली.

सकाळी बॅग भरताना तिची नजर बुचावर गेली. बूच झिजलं होतं.

डावीकडून, बाहेरच्या कडेने, तिरपं. एंगेलबर्ट काठीवर भार टाकायचा तेव्हा तिथेच झिजायचं, आणि इतकं झिजायला त्याला सुट्टीचे बरेच दिवस चालावं लागायचं. चाळीस वर्षं झेन्झीने अशी बुचं बदलली होती. ती पलंगावर बसली आणि काठी आडवी घेऊन बघत राहिली. मग तिने स्वतःची समजूत घातली. माल जुना होता, दुकानात स्टोव्हजवळच्या कप्प्यात पडलेला. रबर उन्हाने, उबेने खातंच. तिने बॅगेतून दुसरं बूच काढून बसवलं आणि हेर्मीला काही सांगितलं नाही.

३

दुसरा मुक्काम वोल्फगांग तळ्याच्या काठी. बाजूच्या चाकांनी पाणी कापणारी जुनी बोट, डेकवर गरम सॉसेज, आणि एका जर्मन जोडप्याचं न संपणारं भांडण. झेन्झीने काठी मांडीवर आडवी धरली होती. ती जमिनीला टेकवायची नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंनी ती बघून तोंडभरून कौतुक केलं. ‘काय भरगच्च काठी आहे हो! हे एवढं सगळं तुम्ही फिरलात?’

‘फिरलो,’ झेन्झी म्हणाली. ‘एक सोडून.’

दुपारी दोघी आडव्या झाल्या. काठी दोन पलंगांच्या मधे, भिंतीला टेकवलेली होती. चर्चच्या घंटेने झेन्झीला जाग आली तेव्हा खोलीत ऊन भरलं होतं आणि हेर्मी तोंड उघडं ठेवून घोरत होती. काठी जागच्या जागीच होती. झेन्झीने ती उचलून उलटी केली.

नवं बूचही डावीकडून झिजलेलं होतं. शिवाय ते ओलं होतं, आणि त्याच्या खाचेत लाल खडे अडकलेले होते. भाजलेल्या विटेसारखे लाल, मुगाएवढे. तिने केसातली पिन काढून एकेक खडा रुमालावर पाडला. खाली अंगणात पांढरी रेती होती, धक्क्यावर लाकूड, रस्त्यावर डांबर. लाल खडी तिने या गावात कुठेच पाहिली नव्हती.

‘हेर्मी, ऊठ. तू काठी घेऊन बाहेर गेली होतीस?’

‘मी?’ हेर्मी डोळे चोळत उठली. ‘मला उठवायला तीन घंटा लागतात, मी कुठे जाते?’ मग तिने बूच बघितलं, खडे बघितले, आणि भावजयीच्या तोंडाकडे बघितलं. ‘वहिनी, तू झोपेत चालतेस.’

‘काहीतरीच.’

‘काहीतरीच काय? नवरा गेल्यावर होतं असं. आमच्या पोस्टमास्तरीण बाई झोपेत उठून अंडी उकडायच्या. तुझे बूट दाखव.’

झेन्झीच्या बुटांचे तळ कोरडे होते. हेर्मीने ते उलटेपालटे करून पाहिले, मग स्वतःचेही पाहिले आणि गप्प झाली. हेर्मी गप्प झाली की काळजी करावी, असं एंगेलबर्ट नेहमी म्हणायचा.

४

झेन्झी काही हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नव्हती. तिच्या पर्समध्ये कायम बूटशिवणीचा मेण लावलेला दोरा असायचा. झोपायच्या आधी तिने काठी स्वतःच्या पलंगाच्या पायाला बांधली. गाठ मारली ती दुकानातली, तळ शिवून झाल्यावर मारतात ती. ती गाठ एंगेलबर्टने तिला शिकवली होती आणि दुसऱ्या कुणाला ती साधत नव्हती. मग हेर्मीने हट्टाने दुसरा दोरा घेऊन झेन्झीचं मनगट स्वतःच्या मनगटाशी बांधलं.

‘आता चाललीस तर मला फरफटत न्यावं लागेल,’ ती म्हणाली. ‘आणि तुझ्या बापाच्यानं ते व्हायचं नाही.’

सकाळी मनगटं बांधलेलीच होती. काठीही बांधलेली होती. हेर्मीला हायसं वाटलं आणि ती गुणगुणत तोंड धुवायला गेली.

झेन्झी गुडघ्यावर बसून गाठीकडे बघत होती. गाठ तीच होती, घट्टही तशीच होती, पण दोरा उलट बाजूने फिरवलेला होता. आरशात बघितल्यासारखा. तिने स्वतः ती तशी बांधायचा प्रयत्न केला. उजव्या हाताने ती बांधताच येईना. तिने काठी हळूच तिरपी केली. बुचाच्या डाव्या कडेला रबर जवळजवळ उरलंच नव्हतं, आतलं लोखंड दिसत होतं.

तिने हे हेर्मीला सांगितलं, कारण आता न सांगणं म्हणजे फसवणूक झाली असती. हेर्मी टॉवेल हातात धरून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

‘चल परत,’ ती म्हणाली. ‘आत्ताच्या आत्ता. ती काठी टाक तळ्यात.’

‘तळ्यात का? तुझ्या भावाची काठी आहे ती.’

‘म्हणून तर म्हणतेय! वहिनी, तो माझा सख्खा भाऊ होता. मी त्याच्यासाठी तुझ्याइतकीच रडले. पण जे गेलंय त्याला जाऊ द्यावं.’

‘जाऊच देतेय ना. त्याला जायचंय, आणि तिथवर पोचवणं माझ्याकडे आलंय, कारण तो बिल्ला मी ठोकलाय.’ झेन्झीचा आवाज फाटला, पण तिने तो आवरला. ‘मला काय भीती वाटत नाही असं वाटतं का तुला? रात्रभर माझे पाय गार पडले होते. पण अर्धवट तळ लावून बूट मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही. तुला यायचं नसेल तर गाडीत बसवून देते.’

हेर्मीने टॉवेल पलंगावर फेकला. ‘मला गाडीत बसवून देणार म्हणे! मोठी आली शहाणी. नाश्ता कर आधी, मग मरायला चल.’

शेवटचं बूच झेन्झीने टोकाला बसवलं आणि दोघी निघाल्या.

५

रोटेनवार्टला त्या दिवशी वाऱ्याचं नाव नव्हतं. पाणी गोठल्यासारखं सपाट होतं. गेल्या वर्षी बंद असलेली बोट आज रिकामीच उभी होती, आणि दोघी बसताच सुटली.

बेटावर उतरल्यावर हेर्मीने झेन्झीचा दंड धरला. धक्क्यापासून किल्ल्याच्या दारापर्यंत जाणारी वाट लाल खडीची होती. भाजलेल्या विटेसारखी लाल. झेन्झीने रुमाल उघडून बघायची गरज नव्हती. तरी तिने बघितला.

‘सगळ्या बेटांवर अशीच खडी असते,’ हेर्मी म्हणाली. स्वतःच्या बोलण्यावर तिचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

दाराशी काठ्याछत्र्यांचा स्टँड होता. काठ्या आत न्यायच्या नाहीत, बुटांवरून नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, मोठ्या सपाता चढवायच्या, म्हणजे जुन्या लाकडी जमिनीला ओरखडे जात नाहीत. तिकडच्या किल्ल्यांतली ही नेहमीची रीत. झेन्झीने काठी स्टँडमध्ये उभी केली. मूठ क्षणभर हातात धरून ठेवली, मग सोडली. तिला वाटलं होतं की काहीतरी जाणवेल, निदान हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त नवं बूच तळाशी टेकल्याचा बारीकसा आवाज आला.

किल्ला दाखवणाऱ्या बाई ठेंगण्या आणि बडबड्या होत्या, फ्राऊ श्टाडलर नावाच्या. मोसम संपत आल्यामुळे त्यांना गिऱ्हाइक म्हणून या दोघीच मिळाल्या होत्या, आणि त्याची सगळी कसर त्यांनी बोलण्यात भरून काढली. शिकारखाना, जेवणघर, सरदारणीची झोपायची खोली. तिघी नमद्याच्या सपातांवरून घसरत चालत होत्या. पावलं वाजतच नव्हती. किल्ल्यात एवढी शांतता होती की फ्राऊ श्टाडलर श्वास घ्यायला थांबल्या तरी ऐकू यायचं.

अशाच एका थांब्यात डोक्यावर आवाज झाला.

ठप्. मग एक पाऊल. मग ओढत आणलेलं दुसरं. ठप्. पाऊल. घसट.

झेन्झी हा ताल कुठेही ओळखेल. चाळीस वर्षं तो संध्याकाळी दुकानाच्या जिन्यावरून वर चढत आला होता.

‘वर कोण आहे?’ हेर्मीने विचारलं. तिचा आवाज चिरका निघाला.

‘वर?’ फ्राऊ श्टाडलर हसल्या. ‘वर कुणी नाही हो. जुनं लाकूड आहे, दिवसभर करकरत असतं.’

‘हे करकरणं नाही,’ झेन्झी म्हणाली. ‘हे कुणीतरी चालतंय.’

‘चालणार कशावर, बाईसाहेब? वरच्या दालनाला जमीनच नाही. लाकडात किडे पडले म्हणून वसंतातच सगळ्या फळ्या काढल्यात. नुसत्या तुळया आहेत.’

डोक्यावरचा आवाज खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. तळ्याच्या बाजूला, खिडक्यांकडे. फ्राऊ श्टाडलर बोलता बोलता अडखळल्या आणि पुढच्या चित्राकडे वळल्या.

६

झेन्झी कोपऱ्यातल्या जिन्याकडे गेली. जिन्यावर दोरी बांधलेली होती. ती तिने काढून नीट गुंडाळून खुंटीला अडकवली.

‘बाईसाहेब! तिकडे बंद आहे!’

‘वहिनी, नको. तुझ्या पाया पडते.’

‘तू इथेच थांब, हेर्मी. मी बघून येते.’

नमद्याच्या सपाता पायऱ्यांवरून निसटत होत्या म्हणून तिने कठडा धरला. आवाज थांबला नव्हता. ती जसजशी वर चढत होती तसतसा तो स्पष्ट होत होता, आणि तिच्या डोक्यात एक समजूतदार आवाज सारखा सांगत होता की पाण्याचा पाइप असेल, सैल झालेली खिडकी असेल, खिडकी वाऱ्याने आपटत असेल. पण वारा नव्हता. जिन्याच्या टोकाला दार होतं आणि ते लोटलेलं होतं. तिने ते ढकललं.

दालन लांबलचक होतं. खरंच जमीन नव्हती. काळ्या जाड तुळया या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेल्या, आणि मधल्या फटींतून खालच्या छताचा चुना दिसत होता. तुळयांवर महिन्यांची धूळ साचली होती. पलीकडच्या टोकाला तळ्याकडे उघडणाऱ्या खिडक्या होत्या आणि त्यांतून इतका उजेड येत होता की झेन्झीला डोळे बारीक करावे लागले.

ठप्, असा आवाज दालनाच्या मधोमध झाला. दोन तुळयांच्या मधे, जिथे काहीच नव्हतं तिथे. पाऊल. घसट. आवाज तिच्यापासून लांब, खिडकीकडे चालला होता. आणि मग शेवटच्या खिडकीपाशी, उजेडाच्या कडेला, तिला राखाडी बाही दिसली. कोपरापर्यंतच. बाहीच्या टोकाला तिने गेल्या हिवाळ्यात शिवलेलं वेगळ्या रंगाचं बटण होतं. बाहीतून निघालेला डावा हात काठीच्या मुठीवर होता, आणि काठीवरचे बिल्ले उन्हात चकाकत होते. तीच काठी, जी तिने स्वतः खाली स्टँडमध्ये ठेवली होती.

तो किनाऱ्याकडे बघत होता. तो शोधत होता, हे झेन्झीला लगेच कळलं. गेल्या वर्षी ती दोघं जिथे उभी होती, तिथे कुणी उभं आहे का, ते.

धावत जावं, त्याला वळवावं, एकदा तोंड बघावं असं इतकं वाटलं की तिने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. पुढे पाय टाकायला जमीन नव्हती. आणि एवढ्या दिवसांनी ते तोंड कसं असेल, हेही तिच्या मनात आलं.

‘अरे एंगेलबर्ट,’ ती म्हणाली. ‘पोचलास ना? झालं बघून?’

आवाज थांबला.

‘बिल्ला आता खरा झाला. माझी चूक मी निस्तरली. तू आता इथेच राहा. इथून तळं छान दिसतं.’

बाही हलली. खांदा वळायला लागला.

झेन्झीने दार ओढून घेतलं.

७

खाली हेर्मी फ्राऊ श्टाडलरचा हात घट्ट धरून उभी होती. कोण कुणाला धीर देत होतं ते सांगणं कठीण होतं. झेन्झीने त्यांना काही सांगितलं नाही. दाराशी येऊन तिने सपाता काढून टोपलीत टाकल्या. काठी स्टँडमध्ये होती, ठेवली होती तशीच. बूच मात्र डावीकडून झिजलेलं होतं. ती तशीच पुढे निघाली.

‘वहिनी, काठी राहिली.’

‘राहू दे.’

‘विसरलीस?’

‘विसरले नाही.’

हेर्मीने एकदा काठीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि मग तिच्या कमरेत हात घातला. लाल खडीच्या वाटेवरून दोघी धक्क्याकडे गेल्या. बोट सुटल्यावर झेन्झीने मान वळवली नाही. वरच्या खिडक्यांकडे तिने बघितलंच नाही. पण किनारा आला तसं तिचं अवसान गळालं, आणि ती हेर्मीच्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळेपणाने रडली. मार्चमध्ये ती रडली नव्हती, तेव्हा कामं फार होती.

‘मी त्याला तिथे एकटा सोडला गं.’

‘सोडला नाहीस. पोचवलास,’ हेर्मी म्हणाली. ‘आता लिंझला चल. माझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर चांभार नाही, सगळी बाई-माणसं फाटके बूट घालून फिरतात. तुझं छान चालेल.’

झेन्झी रडता रडता हसली. त्या दुपारी तिने प्लमचा केक मागवला आणि तो पूर्ण संपवला. हेर्मीने त्यालाही नावं ठेवली. परतीच्या गाडीत झेन्झीला गाढ झोप लागली, आणि जाग आली तेव्हा आपले हात रिकामे आहेत याचं तिला नवल वाटलं.

८

श्टायरला पोचल्या तेव्हा अजून उजेड होता. हेर्मीला लिंझची गाडी गाठायची होती म्हणून ती टॅक्सीतच बसून राहिली. झेन्झीने बॅग उचलली, दारावरची जुनी पाटी काढून काखेत मारली आणि कुलूप उघडलं.

दुकानात चामड्याचा आणि गोंदाचा नेहमीचा वास होता. काउंटरवर श्टायरच्या बिल्ल्यांचा पुठ्ठा पडला होता. तिने तो निघताना खणात ठेवला होता. पुठ्ठ्यावरचा एक बिल्ला काढलेला होता, त्या जागी दोन बारीक भोकं होती. शेजारी लहान हातोडी ठेवली होती. तिचा दांडा डावीकडे होता.

झेन्झीने सावकाश मान वळवली. दाराशेजारच्या स्टँडमध्ये काठी उभी होती. बुचाच्या खाचेत लाल खडे होते. रोटेनवार्टच्या वर, मुठीखालच्या शेवटच्या जागेवर, नवा बिल्ला होता: दोन नद्यांचा संगम, चर्चचा मनोरा, आणि खाली नाव, श्टायर. काठीवर आता बोट ठेवायलाही जागा नव्हती. आणखी कुठे जायचं राहिलंच नव्हतं.

वरच्या मजल्यावर, त्यांच्या झोपायच्या खोलीत, आवाज झाला. ठप्. पाऊल. घसट. काठी तिच्या डोळ्यांसमोर, हलत नव्हती.

‘वहिनी!’ बाहेरून हेर्मीची हाक आली. ‘सगळं ठीक ना? जाऊ मी?’

टॅक्सी चार पावलांवर होती. झेन्झीने दाराबाहेर बघितलं. हेर्मीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं, तिची टोपी वाकडी झाली होती. एकदा हाक मारली असती तर हेर्मी धावत आली असती, आणि दोघी परत कधी या दारात आल्या नसत्या. झेन्झीला ते कळत होतं. मग तिने जिन्याकडे बघितलं. निघायच्या आधी तिने स्वतः पुसून लख्ख केलेल्या पायऱ्यांवर एकाआड एक लाल खडे पडले होते. एवढ्या लांबून, असल्या गुडघ्यावर, तो इथे आला होता. तिने त्याला खिडकीपाशी सोडलं होतं, दार ओढून घेतलं होतं, तरी.

‘ठीक आहे गं,’ तिने ओरडून सांगितलं. ‘तू जा, गाडी चुकेल. आणि त्या घड्याळजीला सांग, घर द्यायचं नाही म्हणावं.’

‘काय? अगं पण...’

झेन्झीने दार लावलं आणि आतून कडी घातली. बाहेर हेर्मी काहीतरी ओरडत होती, दारावर थापा मारत होती. झेन्झीने कोट काढून खुंटीला लावला. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी येऊन तिने कठडा घट्ट धरला आणि वर तोंड करून, रोज संध्याकाळी विचारायची तसंच, विचारलं:

‘अरे, बूट काढलेस का?’

वरची पावलं थांबली. मग लाकडी जमिनीवर, आधी डावा आणि मग उजवा, दोन जड बूट काढून ठेवल्याचा आवाज आला.